अनंतगिरीचा नकाशा आणि बाबांची लाल पेन्सिल

बरकतपुऱ्यात पत्ता सांगायची एक ठरलेली पद्धत आहे. "चमनपर्यंत या आणि तिथून फोन करा." पाहुणे असोत, पार्सलवाला असो की गणपतीत आरतीला येणारी मंडळी, सगळे आधी चमनला येऊन थांबतात आणि मग आमच्या घरचा फोन वाजतो. आईने उचलला तर ती म्हणते, "पीएफ ऑफिस कुणालाही विचारा, तिथून जवळच आहोत." बाबांनी उचलला तर ते विचारतात, "तुमचं तोंड आत्ता कोणत्या दिशेला आहे?" बहुतेक लोक इथे फोन ठेवतात आणि पानवाल्याला विचारतात.

बाबा सर्व्हे ऑफ इंडियात ड्राफ्ट्समन होते, उप्पलला. चौतीस वर्षं त्यांनी नकाशे काढले. तेव्हा संगणक नव्हते. लेप दिलेल्या पारदर्शक फिल्मवर बारीक सुईने रेघ कोरायची, त्याला स्क्राइबिंग म्हणत. लेप खरवडला की तिथून उजेड पार जातो आणि रेघ छापता येते. समोच्चरेषांची फिल्म वेगळी, पाण्याची वेगळी, रस्त्यांची वेगळी. रेघेची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यात मोजायची. हे सगळं मला ठाऊक होतं, पण घरातल्या जुन्या गोष्टी ठाऊक असतात तसं. आजोबा निजामाच्या काळात परभणीहून हैदराबादला आले, हे जसं ठाऊक आहे तसंच. मी बी.ई. करून सॉफ्टवेअरमध्ये शिरलो, ऑफिस गच्चीबावलीला. उत्तर दिशेशी माझा संबंध आला तो फ्लॅट बघताना ब्रोकर "ईस्ट फेसिंग" म्हणाला तेव्हा. एरवी फोनमधला निळा ठिपका आहेच.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांचं फिरणं चमनपर्यंत आलं होतं. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी, मध्ये पेपर. म्हणून या गोष्टीत ते कसे आले, हे आधी सांगतो.

आमचा एक सायकलवाल्यांचा गट आहे. लॉकडाउननंतर जमला आणि टिकला. रविवारी पहाटे गंडीपेटला जायचं, तलावाच्या कडेला इडली खायची आणि परत यायचं, एवढाच उद्योग. गटात एक माझ्या ऑफिसमधला मित्र आहे. तो दोन वर्षं फिनलंडला राहून आला आणि येताना एक खेळ घेऊन आला: डोंगरी सायकलवरचं ओरिएंटियरिंग. नाव अवघड आहे, खेळ सोपा आहे. तुम्हाला एक नकाशा आणि एक होकायंत्र मिळतं. नकाशावर जांभळ्या रंगाची गोल वर्तुळं असतात. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर, प्रत्यक्ष जमिनीवर, एक नारिंगी-पांढरा झेंडा लावलेला असतो. तो शोधायचा. रस्ता आखून दिलेला नसतो, तो तुम्हीच ठरवायचा. फोन बंद.

खेळ मुळात उत्तरेकडच्या थंड देशांतला. लष्करातल्या लोकांनी सुरू केला आणि १८९७ साली नॉर्वेत लोकांसाठी पहिली स्पर्धा झाली, पायी. सायकलवरच्या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा बरीच उशिरा, २००२ साली, फ्रान्समध्ये फोंतेनब्लोच्या जंगलात झाली. आपल्याकडे नकाशावाचन म्हणजे एनसीसीचा कॅम्प, आणि तेही पायीच. तुमच्यापैकी ज्यांनी एनसीसी केली असेल त्यांना होकायंत्राचा वास आठवत असेल, पितळेचा.

सायकलच्या नकाशाची एक खुबी मला फार आवडली. नेहमीच्या नकाशावर वाट म्हणजे वाट. इथे वाट किती चालवण्याजोगी आहे हे रेघेवरून कळतं. सलग रेघ म्हणजे दामटा. लांब तुकड्यांची म्हणजे जरा सावकाश. आखूड तुकड्यांची म्हणजे दगडधोंडे, तोल सांभाळा. नुसते ठिपके म्हणजे उतरा आणि सायकल ढकला. त्यामुळे दोन ठिकाणांमधलं जवळचं अंतर कोणतं, हा प्रश्न पट्टीने सुटत नाही. नकाशा हँडलवर गोल फिरणाऱ्या पाटीला अडकवलेला असतो. तुम्ही वळलात की तोही वळवायचा, म्हणजे कागदावरची उत्तर आणि खरी उत्तर जुळून राहते. "हे तर आम्ही प्लेन टेबलवर रोज करायचो," बाबा म्हणाले. मित्र घरी आला होता, आईने पोहे केले होते, आणि आम्ही आपसात बोलत होतो. बाबा पेपरामागून बोलले.

आमच्या गटात ठरलं की आपण असं काही तरी छोटं करून बघू, अनंतगिरीला.

अनंतगिरी आपल्याला अनोळखी नाही. विकाराबादच्या पलीकडचे डोंगर, घरापासून साधारण ऐंशी किलोमीटर. परळीची गाडी विकाराबादलाच वाडीचा मार्ग सोडून वळते, त्यामुळे मराठवाड्यातून आलेल्या घरांना हे स्टेशन पाठ असतं. मोठी माणसं अजूनही तिथल्या टीबी सॅनेटोरियमची हवा आठवतात. अनंत पद्मनाभस्वामींचं देऊळ आहे आणि त्या डोंगरातच मूसी उगम पावते. चादरघाटच्या पुलावरून नाकाला रुमाल लावून आपण जी ओलांडतो, तीच. तिथे तिची एक धार ओलांडायला पाऊलसुद्धा लांब टाकावं लागत नाही. जंगलात साग, पळस, सीताफळ. खाली लाल जांभ्याची माती, आणि पायथ्याच्या शेतांत तूर. तांडूरची तूर म्हणतात ती इथूनच पुढे सुरू होते.

वनखात्याच्या तिथल्या कार्यालयात जाऊन आम्ही हद्द समजून घेतली. जंगलात सायकल घालायची नाही, गावकऱ्यांच्या रोजच्या वापरातल्या गाडीवाटा आणि पाऊलवाटाच घ्यायच्या, असं ठरलं. उरला नकाशा. मी म्हणालो, त्यात काय, एका संध्याकाळचं काम.

आणि खरंच एका संध्याकाळी केलं. रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतले. कुणीही भर घालू शकेल असा हा जगाचा नकाशा फुकट आहे. उंची नासाच्या माहितीतून घेतली. २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडार लावून जगाच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली होती, तीही आता फुकट मिळते. उरलेल्या वाटा उपग्रहाच्या फोटोवरून गिरवल्या. १:१५,००० प्रमाण, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे दीडशे मीटर. दहा मीटरच्या समोच्चरेषा. रंगीत प्रिंट काढून बाबांपुढे ठेवली. थोडी शाबासकी अपेक्षित होती, खोटं कशाला बोलू.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"हे उंचीचे आकडे जमिनीचे आहेत की झाडांच्या शेंड्यांचे?"

मला माहीत नव्हतं. शोधल्यावर कळलं की दाट झाडीत ते रडार जमिनीपर्यंत पुरतं पोचत नाही आणि उंची थोडी जास्त दाखवतं. म्हणजे माझ्या नकाशात सागाच्या रानाची टेकडी झाली होती.

"आणि या वाटा कोण चालून आलं?"

"फोटोत दिसतात, बाबा."

"फोटो कोणत्या महिन्यातला?"

तेही माहीत नव्हतं. त्या रात्री जेवताना बाबांनी लॅम्बटनची गोष्ट सांगितली. आईने ती इतक्यांदा ऐकली आहे की तिने टीव्हीचा आवाज वाढवला. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासला साखळीने जमीन मोजून भारताच्या मोजणीला सुरुवात केली आणि त्रिकोणामागून त्रिकोण बांधत तो उत्तरेकडे आला. १८१५ साली त्याने आपल्या बिदरजवळ पुन्हा साखळी अंथरून पायारेषा मोजली, कशासाठी तर मद्रासपासून इथपर्यंत गणिताने आलेलं अंतर जमिनीशी जुळतं का ते पाहायला. पुढे कित्येक वर्षं त्याचा मुक्काम हैदराबादेत होता. १८२३च्या जानेवारीत नागपूरला निघालेला असताना तो हिंगणघाटला वारला, त्याचं थडगं तिथेच आहे. एव्हरेस्ट हा त्याच्या हाताखालचा माणूस. शिखराला नाव त्याचं मिळालं आणि लॅम्बटन वर्धा जिल्ह्यात राहिला, याचा बाबांना अजून राग येतो.

"गणित बरोबर असून तो मोजायला परत खाली उतरला," बाबा म्हणाले. "तू एकदासुद्धा गेला नाहीस."

मग आम्ही जायला लागलो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे रविवार. पहाटे साडेचारला निघायचं, गाडीच्या मागे सायकल बांधलेली, पुढे बाबा, मांडीवर नकाशा. चेवेळ्याच्या रस्त्यावरचे ते जुने वड अंधारात दोन्ही बाजूंनी येत राहतात. मन्नेगुड्याला वळायचं, विकाराबादला चहा घ्यायचा, उजाडेपर्यंत डोंगरात पोचायचं. बाबा गाडीजवळ घडीच्या खुर्चीवर बसायचे, मी एकेक वाट चालवून यायचो आणि सांगायचो. ते विचारायचे ते प्रश्न मला कोड रिव्ह्यूमध्येही कुणी विचारलेले नाहीत. ओढा ओलांडताना पाणी उजवीकडून डावीकडे गेलं की डावीकडून उजवीकडे? चढ कुठे सुरू झाला, वळणाच्या आधी की नंतर? वारूळ किती मोठं? अंतर मोजायला त्यांनी मला चाकाच्या एका आरीला लाल चिंधी बांधायला लावली आणि फेऱ्या मोजायला सांगितल्या. माझ्या एकोणतीस इंची चाकाची एक फेरी म्हणजे सुमारे दोन मीटर तीस सेंटिमीटर. जीपीएस असताना हे करणारा मी अनंतगिरीतला एकटाच इंजिनिअर असेन.

बाबांचा नियम एकच होता. जी वाट पाहून झाली ती नकाशावर लाल पेन्सिलीने ओढायची. न पाहिलेली साध्या पेन्सिलीत राहील. छापताना फक्त लाल रेघा जातील. आई म्हणायची की आठवडाभर ते त्या कागदाशीच बसलेले असतात, संध्याकाळची चमनची फेरीसुद्धा विसरतात. खरं सांगायचं तर मला त्या रविवारांची इतकी सवय झाली होती की स्पर्धा नसती तरी चाललं असतं.

शेवटी एक वाट राहिली. डोंगराची एक सोंड ओलांडून पलीकडच्या बांधीव विहिरीकडे जाणारी, सव्वा किलोमीटरची. विहीर नकाशावर चौदा नंबरचं ठिकाण होती, तीस गुणांची, सगळ्यांत लांबची. तिथे जायला दुसरी गाडीवाट होती, सोंडेला वळसा घालून, अडीच किलोमीटरहून जास्त. ती मी पाहिली होती. सोंडेवरची वाट पाहायच्या रविवारी माझ्या ऑफिसचं रिलीज फसलं आणि मी रात्रभर कॉलवर होतो. पुढच्या शनिवारी मी एकटाच झटपट जाऊन आलो, ऊन झालं होतं, वाटेच्या तोंडाशी गेलो, तीनशे मीटर आत गेलो. वाट छान होती. फोटोत तर पार विहिरीपर्यंत स्वच्छ दिसत होती. मी परत फिरलो.

घरी आल्यावर बाबांनी पेन्सिल पुढे केली. "पाहिलीस?"

"हो," मी म्हणालो, आणि लाल रेघ ओढली. आखूड तुकड्यांची. म्हणजे सावकाश, पण चालवता येईल अशी.

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही स्पर्धा सुरू केली. दोघादोघांच्या तेरा जोड्या, अठरा झेंडे, तीन तास. जेवढे सापडतील तेवढ्यांचे गुण, आणि दहा वाजल्यानंतर प्रत्येक मिनिटाला दोन गुण वजा. प्रत्येक जोडीचा फोन चिकटपट्टीने बंद केलेल्या लिफाफ्यात. थंडी अशी की बोलताना वाफ दिसत होती, झाडीतून मोर ओरडत होते. बाबा कानटोपी घालून टेबलाशी बसले होते, समोर वेळा लिहायचा तक्ता. सुरुवातीला सगळ्यांना त्यांनी एकच गोष्ट सांगितली, आणि तीन भाषांत सांगितली. "हरवलात तर हुशारी करू नका. होकायंत्र काढा, दक्षिणेला तोंड करा आणि चालत राहा. कुठूनही निघालात तरी दक्षिणेला डांबरी रस्ता लागतो. तिथे थांबा."

तेरापैकी एक जोडी आमच्याच बिल्डिंगमधली होती. ताई अकरावीला, तिचा भाऊ नववीला. दोघं महिनाभर आमच्याकडे येऊन बाबांकडून नकाशा वाचायला शिकत होती. ताई तर समोच्चरेषा पाहून डोंगर हाताने हवेत काढून दाखवायची. त्यांची आई सोबत आली होती, थालीपीठांचा डबा घेऊन.

पहिले दोन तास कसे गेले कळलं नाही. एकेक जण धुळीने लाल होऊन यायचा, पाणी प्यायचा, "आठ नंबर कुठे लपवलाय राव" म्हणून ओरडून पुन्हा जायचा. सात ते अकरा नंबरांच्या मध्ये एक टेकडी होती. सरळ गेलं तर नऊशे मीटर, वळसा घालून दोन किलोमीटरच्या वर. जिममध्ये जाणाऱ्या जोड्या सरळ गेल्या आणि जीभ बाहेर काढून पोचल्या. दोन पन्नाशीचे गृहस्थ वळशाने गप्पा मारत गेले आणि त्यांच्या आधी पोचले. शेवटी तेच दोघं जिंकले. बक्षीस म्हणून तांडूरची तूरडाळ होती, दोन-दोन किलो.

नऊ चाळीसला एक जोडी आली आणि त्यांच्यातला एक जण म्हणाला, "चौदाची वाट कापलेली आहे. मोठा चर आहे मध्ये. आम्ही परत फिरलो." दहा मिनिटांनी दुसरी जोडी हेच म्हणाली. आदल्या दिवशी झेंडा लावायला मी विहिरीवर गेलो होतो, पण गाडीवाटेने. मी काही बोललो नाही. बाबांनी तक्त्यावर काही तरी लिहिलं.

दहा वाजले. सव्वादहापर्यंत बारा जोड्या आल्या. तेरावी बहीणभावाची होती.

त्यांची आई आधी माझ्याशी हसून बोलली, "गेली असतील अजून एका झेंड्याला." मग ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. साडेदहाला शोध सुरू करायचा हे आधीच ठरलेलं होतं. बाबांनी मला हाताने बाजूला बोलावलं. त्यांच्या पुढ्यात मूळ नकाशा होता, पेन्सिलींचा.

"हा तुकडा लाल आहे," ते म्हणाले.

"हो."

"पाहिला होतास?"

"नाही. पुढे गेलो नव्हतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मग आता बघून ये." फिनलंडवाल्या मित्राला त्यांनी मोटारसायकलवर दक्षिणेच्या डांबरी रस्त्यावर पाठवलं, सावकाश ये-जा करत राहा म्हणून. दोघांना गाडीवाटेने विहिरीवर. आणि स्वतः खुर्ची उचलून काठी टेकत त्या मुलांच्या आईजवळ जाऊन बसले.

सोंडेवरची वाट पहिले तीनशे मीटर खरंच छान होती. पुढे दाट सीताफळी, आणि साधारण निम्म्यावर तो चर. पुरुषभर खोल, उडी मारून ओलांडता येणार नाही इतका रुंद, काठावरची माती अजून भुसभुशीत. वाट त्याच्या या काठाला संपत होती आणि पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होत होती, मध्ये काहीच नसल्यासारखी. डावीकडे चराच्या कडेने ट्रॅक्टरची नवी चाकोरी गेली होती. नकाशात ती नव्हती. तिच्या लाल मातीत सायकलच्या टायरचे दोन माग स्पष्ट उमटले होते, आणि मग तेच माग परत येताना, आणि पुन्हा जाताना.

पलीकडे एक म्हातारा बकऱ्या घेऊन उभा होता. मी हात दाखवून वाट विचारली. "दारि लेदु, सार," तो म्हणाला. वाट नाही. चर पावसाळ्यात खणला, असंही म्हणाला. दोन मुलं पाहिलीत का, यावर त्याने चाकोरीकडे बोट दाखवलं.

मी चाकोरीने गेलो. ती उतरत उतरत एका कापसाच्या शेतात जाऊन संपली. तिथे कडक जमीन, माग नाहीत. हाका मारल्या. खालच्या ओढ्यापर्यंत जाऊन आलो. फोनला रेंज नव्हती, म्हणजे लिफाफा फोडूनही त्यांचा फोन लागला नसता. आमच्या सुरक्षिततेच्या यादीत "फोन" ही पहिली ओळ मीच लिहिली होती. त्या चाळीस मिनिटांत मी काय काय डोळ्यांसमोर आणलं ते इथे लिहीत नाही. उघडी विहीर होती, एवढंच सांगतो.

सोंडेवर परत चढलो तेव्हा फोन थरथरला. मित्राचा मेसेज होता: "दोघं रस्त्यावर. ११:१८. ठीक आहेत."

ठीक होती. भावाच्या पुढच्या चाकात बाभळीचा काटा, हातापायांवर ओरखडे. ताईने होकायंत्र गळ्यात घातलं होतं. कापसाच्या शेतात पोचल्यावर तिने बाबांचं ऐकलं, दक्षिणेला तोंड केलं आणि सायकली ढकलत पाऊण तास चालली. डांबरी रस्ता लागला तिथे दोघं मैलाच्या दगडावर बसून राहिली. आईने आधी त्यांना मिठी मारली, मग धाकट्याला एक धपाटा घातला, मग डबा उघडला.

मी ताईला विचारलं, चर दिसल्यावर परत का नाही फिरलात? बाकीच्या दोन जोड्या फिरल्या.

"आम्हाला वाटलं आम्हीच चुकलो," ती म्हणाली. "म्हणजे वाट दुसरी असेल, आम्हीच चुकीच्या वाटेवर असू. तीनदा मागे जाऊन पाहिलं. नकाशा चुकला असेल असं डोक्यातच आलं नाही. आजोबांनी काढलाय ना तो."

बाबा शेजारीच होते. त्यांनी ऐकलं.

इतर दोन जोड्यांनी नकाशाला शिव्या घातल्या आणि वेळेत परत आल्या. ज्या मुलीने बाबांच्या नकाशावर विश्वास ठेवला तिने स्वतःवर संशय घेतला. परतताना चेवेळ्यापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. वडांच्या खाली आल्यावर बाबा म्हणाले, "न पाहिलेली रेघ पेन्सिलीत राहिली असती तर काय बिघडलं असतं? चौदा नंबर काढून टाकला असता. सतराच झेंडे." बस्स, एवढंच. आवाज चढला नाही. मला तो चढायला हवा होता.

सोमवारी संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर मी खालच्या मजल्यावर गेलो आणि मुलांच्या आईला सगळं सांगितलं. चराबद्दल नाही, तो त्यांना ठाऊक होता. तीनशे मीटरवरून परत फिरल्याबद्दल आणि लाल रेघेबद्दल. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. म्हणाल्या, "हे ताईला सांग. ती अजून विचारतेय, आमचं कुठे चुकलं." ताई आतच होती, अभ्यास करत. तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आमची दिशा बरोबर होती?" मी म्हणालो, चरापर्यंत अगदी बरोबर. "मग ठीक," ती म्हणाली आणि वही पुढे ओढली. ठीक होतं की नाही, मला कळलं नाही.

मंडळातल्या बऱ्याच मुलामुलींनी हा प्रकार पुन्हा कधी करणार म्हणून विचारलं आहे. करायचा आहे. सायकल फार भारी लागत नाही. चांगले ब्रेक, जाड टायर, हेल्मेट आणि दोन बाटल्या पाणी पुरतं. होकायंत्र वापरायला अर्धा तासात येतं. नकाशा सतत फिरवत राहायची सवय लागायला मात्र वेळ जातो. त्यासाठी डोंगर लागत नाही, बरकतपुरा ते काचीगुडा स्टेशन एकदा कागदावर काढून फोन घरी ठेवून चालून बघा. गल्ल्यांमध्ये जास्त हरवाल.

त्यानंतरच्या रविवारी बाबा साडेचारला तयार होऊन गॅलरीत उभे होते. मी काही ठरवलं नव्हतं. मागच्या सीटवर ताई होती, मांडीवर पाटी. बाबांनी रबराने चौदाची लाल रेघ खोडून ठेवली होती; कागदाचा तिथला भाग थोडा खरबरीत झाला होता. मी वाटेच्या तोंडापासून फेऱ्या मोजत गेलो, ताई मागून लिहीत आली. चरापर्यंत दोनशे चौसष्ट फेऱ्या, म्हणजे सहाशे मीटर. तिथून ट्रॅक्टरची चाकोरी, कापसापर्यंत तीनशे दहा. चराची रुंदी ताईने दोरी टाकून मोजली. म्हातारा बकऱ्या घेऊन पुन्हा आला आणि आम्ही काय करतोय ते बराच वेळ बघत राहिला.

दुपारी घरी जेवणाच्या टेबलावर बाबांनी वाट चरापर्यंत लाल केली, चाकोरी लाल केली, आणि चराची काळी रेघ काढून तिला बारीक दात काढले. डावीकडे काढत गेले आणि एका जागी थांबले.

"हा चर कुठे संपतो?"

मी ताईकडे पाहिलं. तिने वही उलटसुलट केली. आम्ही तेवढं पुढे गेलो नव्हतो.

बाबांनी साधी पेन्सिल उचलली.